सांगलीतल्या चार खुर्च्यांच्या ऑफिसला कुठलं कॅड परवडतं?

कृष्णाकाठ

मंडळी, विश्रामबागेत माझं छोटं ऑफिस आहे. मी, एक ज्युनिअर आर्किटेक्ट आणि आयटीआय केलेले दोन आरेखक. कामं बहुतेक बंगल्यांची, छोट्या अपार्टमेंटची, मधूनच एखादं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज. सध्या नकाशे काढायला ऑटोकॅड एलटी, म्हणजे ऑटोकॅडची लहान, स्वस्त आवृत्ती, दोन जागांवर आहे, वर्षाच्या भाड्याने. पुढच्या महिन्यात नूतनीकरण. २०१६ पासून कायमचा परवाना विकणं बंदच झालंय, त्यामुळे दरवर्षी हाच महिना आला की पोटात गोळा येतो.

ज्युनिअर म्हणते, "सर, आता रेव्हिटवर जाऊ." (रेषांऐवजी इमारतीचं थ्रीडी मॉडेल करतात ते.) आरेखक म्हणतात, आहे ते बरं चाललंय. सीए म्हणतो, डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाइली) उघडणारं दुसरं स्वस्त काहीतरी बघा. तिघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतो. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात कोण काय वापरतं? बदललं असेल तर काय सुटलं, काय अडलं?

"क्रॅक टाका की" असं सांगायला कृपया कोणी येऊ नये.

भडंगप्रेमी

शेवटच्या ओळीमुळे धाग्याची शंभरी नक्की. भडंगाची पुडी फोडून बसलोय.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्यात आम्ही तिघे आहोत. एलटीवरून ब्रिक्सकॅडवर आलो. कायमचा परवाना अजून मिळतो हे मुख्य कारण. कमांड त्याच, बोटांची सवय मोडत नाही. एल दाबलं की लाइन, टीआर दाबलं की ट्रिम. झेडडब्ल्यूकॅडही बघितलं होतं, तेही वाईट नाही.

अडलं ते दोनच ठिकाणी. बाहेरून आलेल्या फाइलचे फॉन्ट, आणि प्लॉट स्टाइल, म्हणजे छापताना रेषेची जाडी ठरवणारी सेटिंग. पहिला आठवडा प्रिंट काढली की रेषा जाड-बारीक व्हायच्या. त्या सेटिंगची सीटीबी फाइल नीट जागी ठेवली आणि प्रश्न मिटला.

तीस दिवस चाचणीला मिळतात. त्यात छान नवी फाइल काढून बघू नका. ऑफिसातल्या सगळ्यात घाणेरड्या फाइली उघडा. सर्व्हेअरची, स्ट्रक्चरलवाल्यांची, पाच जणांचे हात फिरलेली. तिथे टिकलं तर घ्या.

सळई

सगळ्यात घाणेरडी फाइल स्ट्रक्चरलवाल्यांची हे वाचून डोळे पाणावले. (आम्हाला तुमच्याकडून काय येतं ते एकदा दाखवतो.)

शून्य_लेयर

लिब्रेकॅड फुकट आहे आणि कायदेशीर आहे. घराचा साधा प्लॅन होतो. पण सेव्ह डीएक्सएफ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करावं लागतं, डीडब्ल्यूजीत नाही. रोज देवाणघेवाण असलेल्या ऑफिसला त्रास. ड्राफ्टसाइट पूर्वी फुकट होतं, २०१९ अखेर तेही संपलं.

टी_स्क्वेअर

मी गावभागातला जुना माणूस. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंग पेन, अमोनियाचा वास, हे सगळं केलेलं. ऑटोकॅड अमेरिकेत १९८२ साली आलं, आमच्या टेबलावर यायला बरीच वर्षं लागली. डॉसवरचं रिलीज १२ शिकलो तेव्हा प्लॉट (मोठ्या कागदावरची प्रिंट) काढायला फ्लॉपी घेऊन कोल्हापूरला जायचो.

एक सांगतो. शाईतली रेषा बदलायची तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, मग त्यावर नवी रेषा. जोर जास्त लागला की ट्रेसिंगला भोक. एक जिना हलवायला दुपार जायची. त्यामुळे मालकालाही "जिना जरा उजवीकडे घेऊ का" म्हणायला संकोच वाटायचा. आता रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅप येतो, "सर, फक्त किचन आणि बेडरूमची अदलाबदल."

कॅडने वेळ वाचला म्हणतात. तो मालकाला मिळाला, आपल्याला नाही.

हेमांगी_मिरज

काका, +१००. "फक्त" या शब्दावर वेगळी फी लावावी असं माझं मत आहे. तिसऱ्या बदलानंतर प्रत्येक बदलाचे पैसे, असं मी करारात घालते. किती जण देतात ते विचारू नका. पण "फक्त" कमी झाले.

मिस्त्री_कुपवाड

तुमी कंचंबी साफ्टवेअर घ्या सायेब, आमाला प्रिंट नीट द्या. बास.

मागल्या साली एका बंगल्याचं काम हुतं, आर्किटेक्टचं नाव घेत न्हाई. पीडीएफ आली मोबाइलवर. मालकानं झेरॉक्सच्या दुकानातनं ए-फोरवर काढून आणली. नकाशावर लिवलंय १:१००, कागूद झालाय निम्म्याच्या निम्मा. पोरानं पट्टी लावून कालम मोजला. म्या म्हटलं पट्टी लावायची न्हाई, आकडा वाच. आकडा वाचला तर खोली १२ फूट. कालमच्या मधनं मधी मोजून भिंती वजा केल्या तर येतंय ११ फूट ३ इंच. मग खरं कंचं? फोन लावला तर म्हंत्यात, "आकडा बरोबर हाय, रेघ चुकलीया." रेघ चुकलीया तर आमी चुना कशावर टाकायचा?

सळई

मिस्त्री, पायाला हात लावून नमस्कार. धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंत.

बाकीच्यांसाठी खुलासा. मालक म्हणतो खोली १२ फूट हवी. आरेखक भिंत हलवत नाही, कारण भिंतीबरोबर दार, खिडकी, वरचा मजला, सगळं हलवावं लागतं. तो डायमेन्शनवर (नकाशावरच्या मापावर) डबल क्लिक करतो आणि आकड्याच्या जागी १२'-०" टाइप करतो. कागदावर १२ दिसतं, रेषा तिथेच. ती फाइल माझ्याकडे आली की मी कॉलम रेषेवर टाकतो, मिस्त्री आकड्यावर. दोघंही बरोबर, आणि इमारत वाकडी.

फाइल आली की मी आधी क्विक सिलेक्टमध्ये डायमेन्शन घेतो आणि टेक्स्ट ओव्हरराइडचा (हाताने टाइप केलेल्या आकड्याचा) रकाना रिकामा नसलेली वेगळी काढतो. एकही सापडलं की फाइल परत. असा खोटा आकडा ऑटोकॅडमध्येही टाइप करता येतो आणि फुकट्यातही. लाखाचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून हा रोग जात नाही.

कृष्णाकाठ

सळईसाहेब, आत्ताच आमच्या तीन फाइलींवर चालवून बघितलं. किती सापडली ते सांगणार नाही. दोघा आरेखकांना चहा पाजून बसवलंय.

पेठेतला_पुणेकर

याच कारणासाठी रेव्हिट. तिथे भिंत ही भिंतच असते, दोन रेषा नसतात. ती हलवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, दारांचं शेड्यूल, सगळं एकदम बदलतं. डायमेन्शनचा खरा आकडा बदलून दुसरा आकडा टाइप करू गेलात तर ते करू देत नाही. २०२५ च्या पुढे टूडी रेषा मारत बसणं म्हणजे... असो, सांगलीला वेळ लागतो.

भडंगप्रेमी

आला, पुणेकर आला. दुसरी पुडी फोडतो.

हेमांगी_मिरज

पुणेकर, टोमणा बाजूला ठेवून सांगते. मी दीड वर्ष रेव्हिट एलटी वापरलं. बंगल्याला खरोखर छान. सेक्शन आपोआप निघतो तेव्हा जीव सुखावतो. पण एलटीत वर्कशेअरिंग नाही, म्हणजे एका मॉडेलवर एका वेळी एकच माणूस. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं जुन्यात उघडत नाही आणि जुन्या आवृत्तीत सेव्ह करायची सोयच नाही. कन्सल्टंट मागच्या वर्षीच्या आवृत्तीवर असेल तर बसा.

आणि शेवटी मंजुरीला काय लागतं? लेयर लावलेली टूडी डीडब्ल्यूजी, म्हणजे प्रत्येक गोष्ट तिच्या वेगळ्या थरावर. ऑनलाइन परवानगी आल्यापासून प्लॉटची हद्द ठरलेल्या लेयरवर, बांधकामाचं क्षेत्र बंद पॉलिलाइनमध्ये (सलग जोडलेल्या रेषेत), मार्जिन वेगळी. सॉफ्टवेअर ती फाइल वाचून एफएसआय काढतं. पॉलिलाइन कुठे केसभर उघडी राहिली की क्षेत्रच मोजलं जात नाही. म्हणजे रेव्हिटमधून काढून पुन्हा कॅडमध्ये लेयर लावायचे. दोनदा काम.

पेठेतला_पुणेकर

टोमणा मागे घेतो. वर्कशेअरिंगचा मुद्दा मान्य. एक्सपोर्टला लेयरची सेटिंग एकदा लावून ठेवली तर दुसरं काम निम्म्यावर येतं, पण संपत नाही, हेही खरं.

अजिंक्यताऱ्याखाली

कृष्णाकाठ, यावरून आठवलं. मंजुरीच्या पोर्टलसाठी जे टूल कॅडमध्ये टाकावं लागतं ते कुठल्या कॅडवर, कुठल्या आवृत्तीवर चालतं, हे नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी "चालतं हो" ऐकून घेतलेल्या एका मित्राला शेवटी सबमिशनपुरतं शेजारच्या ऑफिसात बसावं लागतं.

गुंठेवारी

मीटर आणि फुटांचं कोणी बोललंच नाही. युडीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) मीटरमध्ये, सातबारा हेक्टर-आरमध्ये, मालक गुंठ्यात विचारणार, मिस्त्री फूट-इंचात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर, हे आता झोपेतही येतं. तुम्ही फाइल कशात काढता?

हेमांगी_मिरज

मिलिमीटरमध्ये. साइटच्या प्रिंटला डायमेन्शन स्टाइलमध्ये आल्टरनेट युनिट चालू, गुणक ०.०३९३७, आर्किटेक्चरल फॉरमॅट. मिलिमीटरच्या शेजारी कंसात फूट-इंच येतात.

मिस्त्री_कुपवाड

त्ये कंसातलं बेरजेला बसत न्हाई ताई. तीन खोल्यांचं मिळवलं तर आख्ख्या लांबीला अर्धा-पाऊण इंच कमी पडतंय.

हेमांगी_मिरज

दादा, बरोबर आहे. प्रत्येक आकडा वेगळा जवळच्या अर्ध्या इंचावर जातो, म्हणून बेरीज घसरते. त्यासाठी खोल्यांची मापं आधीच फूट-इंचाला नीट बसतील अशी धरायची. ३०४८ म्हणजे दहा फूट, ३३५३ म्हणजे अकरा. ३१०० असली गोल मापं साइटवर कोणाच्याच टेपला सोयीची नसतात.

शून्य_लेयर

युनिटवरून. आमच्याकडे नवा मुलगा आला, त्याने नेटवरून कमोडचा ब्लॉक (तयार चित्र) टाकला. ब्लॉक इंचात, फाइल मिलिमीटरमध्ये, इन्सर्शन युनिट (ब्लॉक कुठल्या मापात येणार ती सेटिंग) कोणी बघितलेलं नाही. कमोड दिसेचना. पाऊण तास शोधल्यावर कोपऱ्यात ठिपका सापडला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फाइलमध्ये उलटं झालं, कमोड २५.४ पट, प्लॉटच्या बाहेर रस्त्यापर्यंत.

भडंगप्रेमी

रस्त्यापर्यंत कमोड म्हणजे सामासिक अंतराचा भंग. दंड भरून नियमित करून घ्या.

मोजणीदार

सर्व्हेअर म्हणून माझीही तक्रार ऐका. आम्ही टोटल स्टेशनचा (मोजणीच्या यंत्राचा) सर्व्हे यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या आकड्यांत देतो. सांगली-सातारा ४३ व्या झोनमध्ये. सांगलीत उत्तरेचा आकडा (विषुववृत्तापासूनचं अंतर) साडेअठरा लाख मीटरच्या पुढे जातो. तिथे काढायला बसलात की हॅच (आतलं रेषांचं भरण) फाटतं, अक्षरं थरथरतात. मग आर्किटेक्टकडचा मुलगा सगळं उचलून शून्यावर आणतो, वर उत्तर सरळ करायला फिरवतोही, आणि महिन्याने फोन येतो, "पूररेषा जुळत नाही."

कशी जुळणार? पूररेषेचा नकाशा त्याच लाखांच्या आकड्यांवर असतो. हलवायचं तर हलवा, पण मूळ फाइल एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून तशीच ठेवा आणि कुठून कुठे हलवलं ते फाइलमध्ये लिहा. सांगलीत हा खेळ नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. रेषा चार मीटर सरकली की बंगला निळ्याच्या आत-बाहेर होतो.

टी_स्क्वेअर

पुराचं नाव काढलंत म्हणून. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर गेलो तर चिखल गुडघाभर. सीपीयू टेबलाखाली होते, सगळे गेले. बॅकअप होता, त्याच कपाटातल्या खालच्या खणात.

ट्रेसिंगचे रोल मात्र वरच्या फळीवर होते. काही तरीही भिजले. ते गच्चीत दोरीवर क्लिपा लावून वाळवले. कागद सुरकुतला, कडा वाकड्या झाल्या, पण काळी शाई हलली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वीच्या वाड्याचा जिना अजून वाचता येतो.

कृष्णाकाठ

काका, तुमच्या त्या गच्चीचा फोटो मी पाहिलाय. आम्ही तेव्हापासून रोज संध्याकाळी क्लाउडवर आणि शनिवारी एक डिस्क घरी.

आरामखुर्ची

सगळेच क्रॅक वापरतात, उगाच साधूपणा कशाला? छोट्या गावात कोण बघायला येतंय.

सळई

भडंगप्रेमी, तुमचा पाहुणा आला.

आरामखुर्ची, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ख. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. त्यात गावाच्या आकाराचा उल्लेख नाही.

शून्य_लेयर

कायदा सोडा, व्यवहाराचं बघा. ओळखीच्या एका ऑफिसात क्रॅकबरोबर लिस्पचा (कॅडच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) व्हायरस आला. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'अकॅडडॉक' नावाची एलएसपी फाइल आपोआप तयार व्हायची. डीडब्ल्यूजी उघडली की ती आधी चालते. एक्सप्लोड चालेना, मग आणखी कमांड गेल्या. पेन ड्राइव्हवरून ती तीन ऑफिसांत फिरली. ऑटोकॅडमध्ये २०१४ च्या आवृत्तीपासून असे अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सिक्युअरलोड नावाची सेटिंग आहे, ती चालू ठेवा. आणि बाहेरून आलेल्या फोल्डरमधून फक्त डीडब्ल्यूजी उचला.

नवशिकी_आरेखक

मी आयटीआय करून एका ऑफिसात लागले. वरचं सगळं वाचलं. एक विचारते, राग मानू नका. आकडा टाइप करतो आम्ही, हे खरं. पण सर उभ्याउभ्या म्हणतात "दहा मिनिटांत प्रिंट दे, मालक खाली थांबलेत." दहा मिनिटांत भिंत, दार, वरचा मजला, सेक्शन कसा बदलणार? आणि कुठला लेयर कशाला हे आम्हाला कोणी लिहून दिलेलं नसतं. आधीचा दादा पुण्याला गेला, त्याच्या डोक्यात होतं ते त्याच्याबरोबर गेलं. मी उघडलेल्या फाइलींमध्ये 'लेयर१', 'नवीन', 'नवीन२', 'फायनल भिंत' अशी नावं आहेत.

टी_स्क्वेअर

पोरी, राग कसला. आम्ही म्हाताऱ्यांनी वाचावं असं लिहिलंस.

हेमांगी_मिरज

हेच, हेच. कृष्णाकाठ, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. छोट्या ऑफिसातला आरेखक दोन-तीन वर्षांत पुण्याला जाणारच, तिथे पगार जास्त, त्याला थांबवू नये. पण तो गेल्यावर ऑफिसची ड्रॉइंग काढायची रीत मागे राहिली पाहिजे. ती टेम्प्लेट फाइलमध्ये बसते: लेयरची नावं आणि रंग, डायमेन्शन स्टाइल, टायटल ब्लॉक, मराठी फॉन्ट. सबमिशनला पाडायचं बांधकाम पिवळं, प्रस्तावित लाल, हे सुद्धा तिथेच ठरलेलं असावं. आरेखकाने बसून ते लावायला आठ दिवस द्या, त्या आठ दिवसांचा पगार हा सॉफ्टवेअरचाच खर्च धरा. नाहीतर वीस हजारांचं घ्या नाहीतर दोन लाखांचं, 'फायनल भिंत' येतच राहणार.

सळई

मराठी फॉन्टचं बरं काढलंत. जुन्या शिवाजी, कृतिदेवमधली टीप माझ्या मशिनवर फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होते. एकदा "येथे तुळई नाही" ही टीप मला वाचताच आली नव्हती, आणि मी तुळई धरली. युनिकोडमध्ये, ट्रूटाइप फॉन्टवर लिहा. पाठवताना ई-ट्रान्समिट करा, त्यात फॉन्टचा पर्याय चालू केला की एक्सरेफ आणि फॉन्ट दोन्ही पिशवीत येतात.

पेठेतला_पुणेकर

"माणूस पुण्याला जातो" हे दोनदा वाचलं. इथून ते हैदराबादला जातात, एवढीच भर घालतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. ठरवलंय ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

एलटीची एक जागा ठेवतोय, सबमिशनच्या टूलसाठी. दुसऱ्या जागेचं भाडं बंद. तिथे ब्रिक्सकॅडची चाचणी, मोजणीदारांच्या आणि सळईंच्या फाइलींवरच. रेव्हिट ज्युनिअरला एका बंगल्यापुरतं करून बघायला सांगितलंय, मंजुरी मिळालेल्या कामावर, म्हणजे सबमिशनची घाई नाही. टेम्प्लेटसाठी धाकट्या आरेखकाला पुढचा आठवडा मोकळा दिलाय. मालक खाली थांबला तरी त्याला चहा पाजायची जबाबदारी माझी.

मिस्त्री, साइटला इथून पुढे ए-थ्रीच्या प्रिंट ऑफिसातूनच येतील, पीडीएफ मालकाला फक्त बघायला. प्रत्येक पानावर दहा फुटांची मोजपट्टी छापलेली असेल, कागद लहान झाला तर ती लगेच कळेल.

मिस्त्री_कुपवाड

लॅमिनेशन करून द्या सायेब. पावसात भिजतंय.

नवशिकी_आरेखक

सर, तुमचं टेम्प्लेट झालं की इथे टाकाल का? २०१३ च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून टाका, आमच्या ऑफिसातलं जुनं आहे.

कृष्णाकाठ

टाकतो. गणपतीच्या आधी.

भडंगप्रेमी

कुठल्या वर्षीच्या?